शिक्षा संपली तरी रेकॉर्ड पाठ सोडत नाही

प्रश्न: आम्ही मिशिगनला असतो, ग्रीन कार्डवर. मुलगा १९ चा असताना दुकानातून हेडफोन उचलला, पकडला गेला. ९३ दिवसांपर्यंत शिक्षा असलेला साधा मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा), दंड भरला, प्रोबेशनही (कोर्टाच्या देखरेखीचा काळ) वर्षात संपलं. ह्याला ४ वर्षं झाली, पण नोकरीची ऑफर येते नि बॅकग्राउंड चेक झाला की परत घेतात. इथे आता रेकॉर्ड आपोआप पुसलं जातं म्हणे, मग थांबू का?
– एक आई

उत्तर: अजिबात थांबू नका. आपोआपची सोय एप्रिल २०२३ पासून सुरू झालीय हे खरं, पण ह्या गुन्ह्याला त्यात शिक्षेपासून ७ वर्षं जावी लागतात. स्वतः अर्ज केला तर ३ वर्षं पुरतात, म्हणजे तुमचा मुलगा आजच करू शकतो. कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी, बोटांच्या ठशांचं कार्ड, स्टेट पोलिसांची ५० डॉलर फी, मग जजसमोर सुनावणी.

वाचायला सोपं वाटतं, पण ज्याला कोर्टाच्या पायरीचीच धास्ती बसलीय त्याला पुन्हा शाई लावून दहाही बोटांचे ठसे द्यायला जाणं किती जड जात असेल! मिशिगनमध्येच अभ्यास झाला होता, पात्र लोकांपैकी ५ वर्षांत जेमतेम ६.५ टक्क्यांचंच रेकॉर्ड पुसलं गेलं होतं, बाकीच्या बहुतेकांनी अर्जच केला नव्हता. म्हणून मला आपोआपचीच पद्धत योग्य वाटते. पेन्सिल्व्हेनियाने २०१८ मध्ये असा कायदा सगळ्यात आधी केला, ७ वर्षांची अट मात्र अजून कमी व्हायला हवी, विशीतली ७ वर्षं म्हणजे करिअरची सुरुवातच गेली की हो.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. इमिग्रेशनवाले पुसलेली शिक्षासुद्धा धरतात. सिटिझनशिपच्या फॉर्मवर ती लिहावीच लागते, लपवली तर जास्त अडचण. त्यामुळे सर्टिफाइड कॉपीचे २-३ सेट आत्ताच काढून घरी ठेवा, एकदा रेकॉर्ड बंद झालं की ते कागद मिळवताना दमछाक होते, आणि सिटिझनशिपचा फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

रेकॉर्ड पुसल्याची कोर्टाची ऑर्डर मिळाल्यावरही एखाद्या बॅकग्राउंड चेक कंपनीकडे जुनी नोंद राहते. तसं दिसलं तर ऑर्डरची कॉपी जोडून लेखी तक्रार करा, फेडरल (केंद्रीय) कायद्याप्रमाणे त्यांना साधारण ३० दिवसांत तपासून दुरुस्त करावं लागतं.