रंगीत अंड्यांच्या कोंबड्या पाळताय? आधी एवढं बघा

निळ्या-हिरव्या अंड्यांच्या हौसेपायी घाईने पिल्लं घेऊ नका भाऊ. आधी कोंबड्याचं कुळ विचारा. अंड्याचा रंग बापाकडूनही उतरतो, पण त्याच्या पिसांवरून तो ओळखता येत नाही. निळ्या अंड्याच्या अरौकाना वंशाचा कोंबडा तपकिरी अंडं देणाऱ्या ऱ्होड आयलंड रेडवर सोडला, तर त्यांच्या तलंगा (तरुण माद्या) बहुधा हिरवट अंडी देतात. निळा रंग कवचात आरपार मुरतो, तपकिरी शेवटी वरून चढतो. हिरवं अंडं फोडून कवच आतून बघा, निळसर दिसेल. त्या हिरव्यांची आपसात पैदास केली की पुढच्या पिढीत मात्र काय निघेल याचा नेम नाही. आणि कडकनाथचं अंडं काळं म्हणून कोणी विकायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ते फिकट तपकिरी असतं.

खरी परीक्षा आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा 40 च्या वर, त्यात पत्र्याचं खुराडं. पत्र्यावर कडबा अंथरा, जाळीच्या बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, दुपारी पाणी बदला. कोंबडी चोच उघडून धापा टाकत असेल तर तिला पकडायला धावू नका, आधी सावली आणि गार पाणी. उन्हात दाणा कमी खातात, कवच पातळ पडतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस पिल्लांना पहिल्याच आठवड्यात. पहिलं अंडं साधारण पाच-सहा महिन्यांनी. रंगाने चव बदलत नाही, गिऱ्हाईकाला चव वेगळी असं सांगून भाव वाढवू नका.