प्रोटॉन माहीतच नव्हता, मग मोझलीने मोजलं काय?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. पुस्तकात आवर्तसारणीच्या धड्यात एवढंच दिलंय की मोझलीने १९१३ साली दाखवून दिलं की मूलद्रव्याचा खरा गुणधर्म अणुभार नसून अणुक्रमांक आहे. ती विचारते, दाखवलं म्हणजे नक्की केलं काय? अणू फोडून प्रोटॉन मोजले का? मला काही सांगता आलं नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पोरीला शाब्बासकी द्या आधी, कारण पुस्तकवाले नेमकं हेच गाळतात. प्रोटॉन मोजायचा प्रश्नच नव्हता हो, १९१३ साली प्रोटॉन हे नावसुद्धा नव्हतं, ते आलं पहिलं महायुद्ध संपल्यावर, आणि न्यूट्रॉन तर थेट १९३२ मध्ये सापडला. रदरफोर्डने १९११ ला अणूच्या मध्ये छोटंसं, जड, धन भार असलेलं केंद्रक असतं एवढं सांगितलं होतं, पण कुठल्या अणूच्या केंद्रकावर भार नक्की किती, ते अंदाजपंचेच चाललेलं. व्हॅन डेन ब्रोक नावाच्या एका डच माणसाने, जो पेशाने वकील होता, सुचवलं होतं की सारणीतला नंबर म्हणजेच हा भार असावा. कल्पना भारी होती, पण पुरावा नव्हता.

हेन्री मोझली तेव्हा पंचविशीतला पोरगा, मँचेस्टरला रदरफोर्डच्याच लॅबमध्ये. त्या लॅबचा सगळा जोर रेडिओॲक्टिव्हिटीवर, एक्सरेचं काम तिथे कुणाच्या हातातलं नव्हतं, तर हा लीड्सला ब्रॅग नावाच्या एक्सरेच्या जाणकाराकडे जाऊन शिकून आला. त्याची युक्ती अशी की एक्सरे ट्यूबमध्ये धातूवर वेगवान इलेक्ट्रॉन आपटले की त्या धातूचे स्वतःचे असे ठरावीक एक्सरे निघतात, ते क्रिस्टलवर पाडायचे, तिथून ते आपापल्या वेव्हलेंग्थप्रमाणे वेगवेगळ्या कोनात परावर्तित होतात, आणि फोटोग्राफिक प्लेटवर रेघा उमटतात. आता प्रत्येक धातूसाठी ट्यूब उघडायची, तुकडा बदलायचा, परत हवा खेचून काढायची म्हणजे दिवस जाणार. म्हणून याने ट्यूबच्या आत चक्क रूळ टाकले, त्यावर छोटी गाडी, गाडीवर एका ओळीत धातूंचे तुकडे, आणि मासे पकडायच्या रेशमी दोरीने बाहेरून ती गाडी ओढायची! एक तुकडा झाला की दोरी ओढ, दुसरा समोर. मला त्याच्या फॉर्म्युल्यापेक्षा ही गाडीच जास्त आवडते, खरं सांगतो.

आता मुलीला वही-पेन घ्यायला सांगा. आजच्या मापांप्रमाणे या धातूंच्या सगळ्यात ठळक एक्सरे रेघेची एनर्जी (इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये) अशी आहे : लोखंड ६४०४, कोबाल्ट ६९३०, निकेल ७४७८, तांबं ८०४८. नुसत्या आकड्यांत काही दिसत नाही ना? यांची वर्गमुळं काढा. ८०.०२, ८३.२५, ८६.४८, ८९.७१. आता फरक बघा, प्रत्येक वेळी ३.२३, हलायला तयार नाही. याच चौघांचे अणुभार घ्या, ५५.८५, ५८.९३, ५८.६९, ६३.५५, तिथे एकदा ३.०८ ने वाढ, मग चक्क थोडी घट, मग एकदम ४.८६ ची उडी. म्हणजे एका घरातून पुढच्या घरात जाताना अणूच्या आत काहीतरी दर वेळी नेमकं एकाने वाढतंय, आणि ते वजन नाहीये. मोझलीने सरळ लिहिलं की हे काहीतरी म्हणजे केंद्रकावरचा धन भारच असणार. अणुक्रमांक हा तोवर नुसता हजेरीपटावरचा रोल नंबर होता, आता तो मोजता येणारी गोष्ट झाला.

प्रश्न : पण मेंडेलीव्हनेही कोबाल्ट आधी आणि निकेल नंतर असंच ठेवलं होतं की. मग मोझलीने नवीन काय केलं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बरोबर आहे तुमचं, मेंडेलीव्हने (मूलद्रव्यं अणुभारावरून सारणीत लावणारा रशियन केमिस्ट) गुणधर्म बघून काही जोड्या बरोबर लावल्या, पण कारण त्याच्याकडे नव्हतं. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड निघतंय म्हटल्यावर तो म्हणाला, टेल्युरियमचं वजनच कुणीतरी चुकीचं मोजलंय. वजन चुकीचं नव्हतं, वजनावरून क्रम लावणं हेच चुकीचं होतं.

पण खरी गंमत रिकाम्या जागांची. मेंडेलीव्हला पुढे आणखी किती मूलद्रव्यं सापडणार ते सांगता येत नव्हतं, विशेषतः ते रेअर अर्थवाले (लँथॅनम आणि त्याच्या पुढचे धातू), एकमेकांसारखे दिसणारे, केमिस्ट लोक वर्षानुवर्षं त्यांच्यावर डोकं फोडत होते आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवीन मूलद्रव्य सापडल्याचा दावा करायचा. मोझलीकडे नंबर होते, आणि नंबरांमध्ये साडेसव्वीस असं काही नसतं, त्यामुळे कुठला नंबर गायब आहे ते सरळ दिसतं. १९१४ च्या पेपरमध्ये त्याने ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत गाडी नेली आणि सांगितलं की ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत. ७५ म्हणजे ऱ्हेनियम, १९२५ ला सापडलं. ४३ टेक्नेशियम, १९३७. आणि ६१ प्रोमेथियमला १९४५ उजाडलं, तेही अणुभट्टीच्या राखेतून म्हणा ना. ७२ नंबरवर नक्की कोण, हा घोळ मात्र त्याच्या हातून सुटला नव्हता, ते हाफ्नियम १९२३ ला कोपनहेगनमध्ये मिळालं, आणि मिळालं कशाने? एक्सरेच्या रेघांनीच.

फ्रान्सचा उर्बेन, रेअर अर्थमधला तेव्हाचा मोठा माणूस, आपले नमुने घेऊन ऑक्सफर्डला (मोझली एव्हाना मँचेस्टर सोडून तिथे गेला होता) मोझलीकडे आला होता. ज्या कामात त्याची वर्षंच्या वर्षं गेली होती त्यातलं काय खरं काय खोटं ते या पोराने थोड्याच दिवसांत सांगून टाकलं. उर्बेनने दिलखुलास कौतुक केलं, हेही नोंदवायला हवं, सगळे करत नाहीत.

आणि डेन्मार्कच्या नील्स बोरचा विषय निघतोच. त्याचं अणूचं मॉडेल १९१३ चंच, हायड्रोजनला छान लागू पडत होतं पण जड अणूंचं काय असं सगळे विचारत होते. मोझलीच्या फॉर्म्युल्यात, म्हणजे अणुक्रमांकावरून (झेड) त्या ठळक रेघेची एनर्जी काढायच्या सूत्रात, (झेड वजा एक) चा वर्ग आणि पुढे तीन चतुर्थांश येतं, ते तीन चतुर्थांश म्हणजे बोरच्या दुसऱ्या कक्षेतून पहिलीत उडी मारल्यावर येणारा आकडा. तो 'वजा एक' कशाला, तर आतल्या कक्षेत उरलेला दुसरा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा एक भार झाकून टाकतो, असं ढोबळमानाने समजा.

प्रश्न : एवढं सगळं केलं तर नोबेल का नाही मिळालं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कारण तो राहिलाच नाही. १९१४ ला आईबरोबर ऑस्ट्रेलियाला सायन्सच्या अधिवेशनाला गेला होता, तेवढ्यात युद्ध सुरू झालं, परत येऊन तो रॉयल इंजिनिअर्समध्ये भरती झाला, सिग्नलचं काम. १० ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत फोनवरून ऑर्डर देताना डोक्यात गोळी लागली. वय २७. रदरफोर्डने नंतर 'नेचर'मध्ये हळहळून लिहिलं की अशा माणसाचा देशाला उपयोग लॅबमध्ये जास्त झाला असता.

मेलेल्या माणसाला नोबेल देत नाहीत. १९१६ ला फिजिक्सचं नोबेल कुणालाच दिलं नाही, १९१७ चं बार्क्लाला मिळालं, १९२४ चं सीगबानला, दोघंही एक्सरेवालेच. मोझलीला मिळालंच असतं का, हे छातीठोकपणे कोण सांगणार, पण या दोघांच्या मध्ये त्याचं नाव नसणं मला तरी खटकतं. मृत्युपत्रात त्याने आपली उपकरणं आणि पैसे रॉयल सोसायटीला देऊन टाकले होते, संशोधनासाठी.