मेडिक्लेम कंपनीचा आहे, मग नोकरी सोडू कशी?

जळगाव-भुसावळकडचे नोकरदार हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वरचेवर येतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही अशा बेतानं.

चाळिशीतले सुपरवायझर, गावाकडे थोडी केळी. साहेब चारचौघांत वाटेल ते बोलायचे, यांची झोप उडालेली. राजीनाम्याचा विषय निघाला की एकच वाक्य : ‘मन्ही मायनं काय व्हई?’ आईची बायपास कंपनीच्या मेडिक्लेमवर झाली होती. शेत गहाण पडलं नाही ते त्यामुळेच. अशा माणसाला ‘कंपनीवर विसंबू नका’ म्हणणं मला पटत नाही. ती सोय खरी होती.

पण त्यांच्याकडे होतं नुसतं कार्ड. पॉलिसी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. एचआरकडून प्रत मागवून आम्ही दोघांनी ती वाचली. नोकरी संपली की विमा संपणार. आईच्या पुढच्या बिलात २० टक्के वाटा यांचा. शिवाय असा गट विमा दरवर्षी नव्याने ठरतो, आईवडिलांना वगळायचं ठरलं तर कामगाराला कुणी विचारत नाही. ईएसआयचंही, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचंही, असंच. पगार २१,००० च्या पुढे गेला की कामगार त्यातून बाहेर पडतो. हे स्वतः पगारवाढीनंतर तसेच बाहेर पडले होते.

मी म्हटलं, ‘भाऊ, साहेबांचा त्रास आणि आईचं औषधपाणी या दोन गोष्टींची गाठ आधी सोडवू.’ कंपनीचं छत्र असतानाच स्वतःची पॉलिसी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. तो काळ नोकरीत असताना निघून जातो. नोकरी सोडताना ज्या विमा कंपनीचा गट विमा आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जायची वाटही असते, मात्र अर्ज वेळेत करावा लागतो आणि विमा कंपनी तब्येत तपासून ठरवते. आईसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच : रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ठरलेल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयांत.

फॉर्म भरताना ते अडखळले. ‘बीपीची गोळी चालू आहे, लिहू का? हप्ता वाढेल.’ वहिनीच म्हणाल्या, ‘लिहा.’ बरोबर बोलल्या. लपवलेला आजार नेमका क्लेमच्या वेळी वर येतो, आणि भरलेले सगळे हप्ते वाया जाऊ शकतात.

हप्ता वाढला. पॉलिसी मिळाली ती दोघांची आणि मुलांची. आई अजून कंपनीच्याच विम्यात आहे, त्यामुळे राजीनामा लगेच दिला नाही. साहेबांबद्दल मात्र लेखी तक्रार दिली. पुढे धुळ्याला एका कारखान्यात मुलाखत देऊन आले, तेव्हा पगाराच्या आधी त्यांनी तिथं विचारलं, ‘आईवडिलांना विम्यात कोणत्या दिवसापासून घेता?’