वाचकांचे प्रश्न : १७०१ च्या आधी १०१७ कसे?

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथेच्या मूळ दूरचित्रवाणी मालिकेत एन्टरप्राइज यानाचा नोंदणी क्रमांक एनसीसी-१७०१ आहे. हुबेहूब त्याच बनावटीच्या कॉन्स्टेलेशन यानावर मात्र एनसीसी-१०१७ असे लिहिलेले दिसते. या वर्गाचे पहिले यान म्हणजे १७०० क्रमांकाचे कॉन्स्टिट्यूशन, असे मानले जाते. मग १०१७ त्याच्याही आधीचे कसे? आमच्या मित्रमंडळात एकाचे म्हणणे असे, की ते जुने यान होते व पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. दुसरा म्हणतो, या क्रमांकांना काही अर्थच नाही. खरे कोणाचे?
(एक वाचक, हिंगोली)

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. चित्रीकरणाच्या वेळी हा आकडा का आला, हा एक. आणि कथेच्या जगात त्याचा अर्थ काय लावायचा, हा दुसरा. चाहत्यांचे बरेचसे वाद या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे लांबतात, म्हणून ते वेगवेगळे ठेवू.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग ऑक्टोबर १९६७ मध्ये प्रसारित झाला. त्यात एका महाकाय यंत्राच्या माऱ्याने उद्ध्वस्त झालेले कॉन्स्टेलेशन दाखवायचे होते. एन्टरप्राइजच्या मुख्य प्रतिकृतीची मोडतोड करणे शक्यच नव्हते, म्हणून एएमटी कंपनीचे बाजारात मिळणारे प्लास्टिकचे किट जोडून, ते मोडून व जाळून वापरण्यात आले. किटमध्ये चिकटवण्यासाठी दिलेले आकडे अर्थातच १७०१ चे होते. त्यांचाच क्रम बदलून १०१७ तयार झाला. या चार आकड्यांतून सतराशेच्या घरातला आणखी एकच क्रमांक जुळवता येतो, तो म्हणजे १७१०, आणि त्या काळच्या लहान पडद्यावर तो १७०१ पासून वेगळा ओळखू येणे अवघड होते. तो टाळण्यामागे हेच कारण असावे, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न अधिक रंजक आहे. एन्टरप्राइजचा आराखडा करणारे मॅट जेफ्रीज स्वतः वैमानिक होते. अमेरिकेतील नागरी विमानांवर पूर्वी ‘एनसी’ ही अक्षरे असत. त्यांना आणखी एक ‘सी’ जोडून त्यांनी ‘एनसीसी’ केले. आकडे निवडतानाही त्यांची दृष्टी वैमानिकाचीच होती : लांबून पाहताना ३, ६, ८ आणि ९ यांची एकमेकांत गल्लत होते, म्हणून ते त्यांनी टाळले. सतराव्या आराखड्याचे पहिले यान म्हणून १७०१, अशी फोडही त्यांनी केली होती. ती प्रमाण मानली, तर १०१७ हे दहाव्या आराखड्याचे सतरावे यान ठरते, आणि जुन्या सांगाड्यावर नव्या बनावटीची उभारणी झाली हे आपल्या पहिल्या मित्राचे म्हणणे चांगलेच बळकट होते. मात्र ही फोड मालिकेतील एकाही पात्राच्या तोंडी नाही. पडद्यावर जो पुरावा आहे, तो वेगळ्या दिशेने बोट दाखवतो. ‘कोर्ट मार्शल’ या भागात कमोडोर स्टोन यांच्या कार्यालयातील भिंतीवर यानांच्या कामाची प्रगती दाखवणारा तक्ता आहे. त्यात १७०० आणि १७०१ यांच्या शेजारीच १६६४, १६७२, १६८५, १६९७ असे क्रमांक दिसतात. त्या तक्त्यावर यानांची नावे वा वर्ग दिलेले नाहीत, त्यामुळे ती सर्व एकाच बनावटीची होती असे सिद्ध होत नाही. पण शतकाचा आकडा म्हणजे वर्ग, हे गृहीतक त्यामुळे डळमळते, एवढे नक्की.

आपण हिंगोलीचे असल्यामुळे एक उदाहरण आपल्याला चटकन पटेल. मराठवाड्यातील वाहनांचे क्रमांक एमएच-२० पासून एमएच-२६ पर्यंत ओळीने लागलेले आहेत, आणि परभणीच्या एमएच-२२ शेजारीच असलेल्या हिंगोलीचा क्रमांक मात्र एकदम एमएच-३८ आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, हे ज्याला माहीत नाही, तो केवळ आकड्यावरून हिंगोली भलतीकडेच शोधत बसेल. आकडा निरर्थक नाही. तो प्रशासनाचा इतिहास सांगतो, नकाशा सांगत नाही. स्टारफ्लीटच्या, म्हणजे कथेतील या यानांच्या ताफ्याच्या, क्रमांकांकडेही तसेच पाहावे. तेव्हा आपल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे मला मान्य नाही, आणि पहिल्याचे म्हणणे शक्य कोटीतले असले तरी सिद्ध झालेले नाही.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’च्या पुढील एका मालिकेतील व्हॉयेजर यान वॉर्प (प्रकाशाहून जास्त वेगाचे कथेतील माप) ९.९७५ या वेगाने जाऊ शकते, तरीही ७०,००० प्रकाशवर्षे पार करायला त्याला ७५ वर्षे लागणार, हा हिशेब जुळतो का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : जुळत नाही. ७०,००० ला ७५ ने भागल्यास सरासरी वेग प्रकाशाच्या सुमारे ९३३ पट येतो. मूळ मालिकेसाठी मानलेल्या सूत्रात वॉर्प अंकाचा घन करायचा असे. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या मालिकेपासून मोजपट्टी बदलली : वॉर्प ९ पर्यंत अंकाचा १०/३ घात घ्यायचा, आणि त्यापुढे मालिकेचे रेखाचित्रकार मायकेल ओकुडा यांनी हाताने काढलेला, वॉर्प १० ला अनंताकडे झेपावणारा वक्र धरायचा. या पट्टीवर वॉर्प ८ म्हणजे प्रकाशाच्या १,०२४ पट, तर वॉर्प ९ म्हणजे सुमारे १,५१६ पट. म्हणजे नुसत्या वॉर्प ९ ने गेले तरी हा प्रवास ४६ वर्षांत संपतो आणि ९.९७५ ने त्याहून पुष्कळ लवकर. ७५ वर्षांची सरासरी तर वॉर्प ८ पेक्षाही कमी आहे.

वाटेत थांबे, दुरुस्ती आणि इंधन यांचा वेळ धरून ७५ वर्षे सांगितली असावीत, असा बचाव अनेक चाहते करतात. १९९५ साली दाखवलेला ‘केअरटेकर’ हा पहिला भाग लक्षपूर्वक पाहिला, तर तो टिकत नाही. तेथे ९.९७५ हा सलग टिकवता येणारा वेग म्हणून सांगितला आहे, आणि कॅप्टन जेनवे यांच्या तोंडचे वाक्य कमाल वेगाने गेले तरी ७५ वर्षे लागतील असेच आहे. माझ्या मते ७५ हा आकडा गणितातून आलेलाच नाही. यानावरील बहुतेकांना घर पुन्हा पाहता येणार नाही, एवढा तो मोठा असावा, ही कथेची गरज होती, आणि ती गरज मला योग्यच वाटते. फक्त त्या आकड्यावरून वॉर्पची नवी सूत्रे बांधू नयेत.

प्रश्न : मूळ मालिकेत एन्टरप्राइज बहुतेक वेळा उजव्या बाजूनेच का दिसते?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कारण चित्रीकरणाच्या ११ फूट २ इंच लांबीच्या प्रतिकृतीची तेवढीच बाजू पूर्ण केलेली होती. डाव्या बाजूने आतील दिव्यांच्या तारा बाहेर काढलेल्या होत्या. डावी बाजू दाखवायचीच असेल, तर उजव्या बाजूला उलटी अक्षरे व आकडे चिकटवून चित्रण करायचे आणि मग फिल्म उलटवायची, ही युक्ती वापरली गेली. ही प्रतिकृती १९७४ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि २०१६ साली तिची काळजीपूर्वक डागडुजी करून ती पुन्हा मांडण्यात आली. त्यामुळे यानाचे आराखडे काढणाऱ्या वाचकांनी डावीकडील खिडक्या आणि खुणा ‘तर्काने’ असा शेरा देऊनच दाखवाव्यात. उजव्या बाजूसाठी मात्र प्रतिकृतीची छायाचित्रे हाच भक्कम आधार आहे.