पावसाळ्यात अडकणारे झाकण

प्रश्न : जुनी पत्रे ठेवण्यासाठी मी फणसाच्या फळीची पेटी केली. श्रावण लागल्यापासून तिचे सरकते झाकण खाचेत अडकते. ते तासावे का आणि पॉलिश कोणते द्यावे? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तूर्त रंधा बाजूला ठेवावा. दमट हवेत लाकूड रेषांना आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे आज झाकण सढळ हाताने तासले, तर चैत्रात ते खाचेत खुळखुळेल. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की १८० आणि मग २४० नंबरच्या पॉलिशपेपरने रेषेच्या दिशेनेच घासावे आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (शुद्ध केलेल्या लाखेचे) पातळ हात झाकणाच्या दोन्ही बाजूंना द्यावेत, कारण एकाच बाजूला पॉलिश दिलेली फळी वाकते. भर पावसात चपडा लावल्यास त्यावर पांढुरकी झाक येते. एवढे करूनही पुढच्या पावसाळ्यात झाकण अडलेच, तर कडा किंचित तासून खाचेत मेणबत्ती घासावी.

पेटीच्या आत जवसाचे तेल लावू नये. बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो. बाहेरून लावल्यास तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. रंग मात्र, आमच्या मते, देऊच नये. फणसाचा पिवळेपणा उजेडाने आपसूक तपकिरी होत जातो.