नाव लपवलं की खरा, नाव लावलं की खोटा

गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच तक्रार निरनिराळ्या तोंडून येते आहे. एका गृहिणीचं इन्स्टाग्रामवर दुसरं खातं आहे. सासर-माहेरच्या कुणालाच त्याचा पत्ता नाही. तिथं ती मनातलं लिहिते आणि घरच्या ग्रुपवर फक्त ‘सुप्रभात’ टाकते. तहसील कार्यालयातले एक अव्वल कारकून रात्री टोपणनावानं कविता टाकतात, दिवसा कवितेचा विषय निघाला तरी फायलीत मान घालतात. दोघांनीही मला विचारलं, ‘‘मॅडम, मी दुटप्पी आहे का? यातला खरा कुठला?’’

अशा सगळ्यांच्या वतीनं मी सुधीरची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळखू येतील अशा खाणाखुणाही पुसल्या आहेत. परवानगी घेतली आहे.

सुधीर एकतीस वर्षांचा. पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत एक खुर्ची, मेसचा डबा, चौघांत एक खोली आणि राज्यसेवेची तयारी. या परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. ‘अजून एक अटेम्प्ट’ हे वाक्य माणूस दहा-बारा वर्षं सहज ओढत नेऊ शकतो, ते त्यामुळेच. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये सुधीर ‘अधांतरी’ या नावानं लिहायचा. पूर्व परीक्षेत पुन्हा उडाल्यावर काय वाटतं, गावी जायची लाज कशी वाटते, बरोबरच्या मित्राचा निकाल लागल्यावर पेढा घशाखाली कसा उतरत नाही, असं सगळं. रात्री दोन-दोन वाजता अनोळखी मुलं त्याला मेसेज करायची आणि तो उत्तरं द्यायचा. काही उत्तरं त्यानं मला वाचून दाखवली. व्यवसायात इतकी वर्षं काढूनही मला त्यांत खोट काढता आली नसती.

मग एक दिवस त्याच्या चुलतभावानं, जो स्वतःही तयारीला लागला होता, ‘अधांतरी’चाच एक मजकूर त्याला पाठवला. खाली लिहिलं होतं : ‘दादा, वाच. असं खरं बोलणारा एक तरी माणूस आपल्या घरात पाहिजे होता.’

सुधीर माझ्याकडे आला तो ते खातं कायमचं बंद करायचं ठरवूनच.

‘‘मी फ्रॉड आहे, मॅडम. नाव लपवलं की खरा होतो, नाव लावलं की खोटा. असला खरेपणा काय कामाचा?’’

मी त्याला साधाच प्रश्न विचारला. ‘‘अधांतरी म्हणून तू आजवर खोटं काय बोललास?’’

तो विचार करत राहिला. ‘‘तसं काही नाही. नाव सोडून सगळं खरंच आहे.’’

‘‘बरं. आणि सुधीर म्हणून?’’

या प्रश्नानंतर खोलीत बराच वेळ शांतता होती. अशा वेळी नवखे समुपदेशक घाबरून बोलू लागतात. मी बोलले नाही.

‘‘आईला वाटतंय मी प्री काढली. मेन्सचा निकाल यायचाय असं ती शेजारच्या काकूंना सांगते. दोन वर्षं झाली.’’

सुधीर आपला खोटेपणा टोपणनावाच्या खात्यात शोधत होता आणि तो होता आधार कार्डावरच्या नावाखाली. त्याला स्वतःलाही हे बोलता बोलताच दिसलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे मी चुकीचं खातं बंद करायला निघालो होतो.’’ या वाक्यासाठी मी अनेक सत्रं वाट पाहायला तयार असते.

मी डॉ. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीनं काम करते. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. या विचारसरणीला ‘खरा मी कुठला’ हा प्रश्नच मान्य नाही. माणसाला अख्ख्याच्या अख्खं एकच लेबल लावायचं, खरा किंवा खोटा, लायक किंवा नालायक, ही तिच्या दृष्टीनं चुकीची परीक्षा. मोजायचंच असेल तर एकेक वागणं मोजा. आज आईशी फोनवर बोललेलं वाक्य खरं होतं का? नव्हतं. ते बदलता येईल का? येईल. एवढ्यावर काम करता येतं. ‘मी फ्रॉड आहे’ यावर काम करता येत नाही, त्यावर फक्त रडता येतं.

दुसऱ्या टोकाची उडीही मला थोपवावी लागली. पुढच्या भेटीत सुधीर म्हणाला, ‘‘ठरवलंय. ग्रुपवर माझं खरं नाव, फोटो, सगळं टाकतो. हजारो लोकांसमोर.’’

‘‘का?’’

‘‘धाडस दाखवायला.’’

‘‘हजारांना सांगणं सोपं आहे रे. त्यांतलं कुणी तुझ्या मेसचे पैसे पाठवत नाही. एकाच माणसाला सांग.’’

ते एक माणूस कोण, हे सांगावं लागलं नाही. आम्ही तो फोन चक्क बसून लिहिला. पहिला मसुदा पानभर होता, त्यात नुसती कारणं : पेपर फुटण्याच्या बातम्या, आयोगानं लांबवलेल्या तारखा, पूर्व परीक्षेतला सी-सॅटचा पेपर. ती सगळी मी काढायला लावली. उरलं ते असं : ‘आई, मी पूर्व परीक्षा पास झालो नव्हतो. तुला खोटं सांगितलं.’

आईनं मिठी मारली, दोघं रडले, असं काही झालं नाही. ती म्हणाली, ‘‘मग मी काकूंना काय सांगू?’’ आणि फोन ठेवला. तिनं चार दिवस फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी वडिलांचा आला. त्यांनी निकालाचं नाव काढलं नाही, फक्त विचारलं, ‘‘या महिन्याचे पैसे पाठवू का नको?’’ सुधीरनं ‘नको’ म्हटलं आणि एका क्लासमध्ये पेपर तपासायचं काम धरलं. आईचा राग मावळायला दिवाळी उजाडली. आपण समजत होतो तशी ती कोसळली नाही, चिडली. आणि चिडलेल्या आईला तोंड देणं जमतं, हे त्याचं त्यालाच कळलं.

चुलतभावालाही त्यानं सांगून टाकलं की अधांतरी मीच. तो म्हणाला, ‘‘दादा, फेकू नको.’’

खातं आजही चालू आहे, त्याच नावानं. मी ते बंद करायला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. निनावी म्हणजे भेकड, हे मत आपल्याकडे फार स्वस्तात मिळतं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड होतं की महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि ‘ही बाई कोण’ याचाच शोध सुरू झाला. मालतीबाई बेडेकरांनी तेव्हा स्वतःचं नाव घातलं असतं तर पुस्तकाऐवजी त्यांचीच चिरफाड झाली असती. आजही आडनाव कळल्याशिवाय ज्यांचं संभाषण पुढं सरकत नाही अशा समाजात कुणाला आडनावाशिवाय वाचलं जावंसं वाटलं, तर त्यात लपवाछपवी नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिणारी, एचआयव्हीबद्दल विचारणारा, नोकरीतला गैरकारभार सांगणारा, यांच्यासाठी टोपणनाव म्हणजे कपडे बदलताना लावलेली कडी आहे.

सक्तीनं खरी नावं लावून माणसं सभ्य होतात, हेही मला पटत नाही. दक्षिण कोरियानं २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर खरी ओळख पटवणं बंधनकारक केलं. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं तो नियमच रद्द ठरवला. आपल्याकडे तर कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे नावानिशी, फोटोसकट असतात. तिथली भाषा पाहा.

तरीही कडी लावून आत काय चाललंय, हे ज्याचं त्यानं तपासावं. टोपणनावानं कुणाला शिव्या देत असाल, पैसे किंवा प्रेम मागत असाल, न केलेल्या डॉक्टरकीच्या जोरावर औषधं सुचवत असाल, तर समोरच्याची फसवणूक होते आहे. टोपणनाव वाचकांपासून लपवतं, पोलिसांच्या सायबर शाखेपासून सहसा नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि स्वतःची फसवणूकही होऊ शकते : सगळं मोकळं बोलणं तिथंच होतं आणि घरात बोलायला काही उरतच नाही.

याबाबतीत मला अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा आदर वाटतो. दारू सोडू पाहणाऱ्यांची, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ. नावातच निनावीपणा आहे, आडनाव कुणी विचारत नाही. पण बैठकीत चेहरा दिसतो आणि पुढच्या बैठकीला खुर्ची रिकामी असेल तर कुणीतरी विचारतं, ‘तो आला नाही का?’ अधांतरी गायब झाला असता तर त्याला शोधायला कुठं जायचं, हे त्या हजारोंपैकी एकालाही माहीत नव्हतं. म्हणून दुसरं खातं असलेल्या प्रत्येकाला मी म्हणते, ते नाव आणि हे नाव दोन्ही माहीत असलेलं एक माणूस असू द्या. नवरा-बायकोच असावी असं नाही. मैत्रीण चालेल, भाऊ चालेल, सुरुवातीला समुपदेशकही चालेल. असं माणूस डोळ्यांसमोर येत नसेल आणि रात्र काढणं अवघड वाटत असेल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

आणि ‘खातं बंद करू का’ असं विचारत येणाऱ्याला मी आधी घरचा अभ्यास देते : स्वतःच्या खऱ्या नावानं तू सध्या कुणाकुणाशी काय काय खोटं बोलतोयस, ते लिहून आण. बहुतेक जण लिहून आणतात. मग तासभर आम्ही त्या कागदावरच बोलतो आणि खात्याचा विषय निघालाच तर जाता जाता, दारात.