सेल नवे, तरी बॅटरी मुकी

प्रश्न : लॅपटॉपच्या बॅटरीत 6 नवे 18650 सेल (नळीच्या आकाराचे लिथियम-आयन सेल) बसवले. सेलच्या टोकांना 11.4 व्होल्ट आहेत, पण चार्जिंग सुरूच होत नाही. – एक वाचक, मालवण

उत्तर : जुने सेल सोडवताना बॅटरीतल्या नियंत्रण बोर्डाचा वीजपुरवठा तुटला असणार. बोर्डावरची चिप त्याला बिघाड समजते नि आपोआप न उघडणारं कुलूप लावते, म्हणजे चार्जिंग बंद करते. आधी सेलच्या तिन्ही जोड्या वेगवेगळ्या मोजा; प्रत्येकी 3.8 व्होल्टच्या आसपास हव्यात. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची असेल तर ईव्ही2400 अडॅप्टर (चिप संगणकाला जोडणारं त्यांचंच उपकरण) बॅटरीच्या क्लॉक, डेटा, ग्राउंड या पिनांना जोडून 'पर्मनंट फेल्युअर'ची, म्हणजे त्या कुलपाची, खूण बघा. ती पुसायला पासवर्ड लागतो. कंपनीने तो बदललेला असेल तर नाद सोडा. कुलूप उघडलंच, तर चिपमध्ये नव्या सेलची क्षमता भरा आणि पूर्ण चार्ज, पूर्ण उतार, पुन्हा चार्ज असं एक चक्र द्या, नाहीतर टक्केवारी खोटी दिसेल.

खाऱ्या हवेने कनेक्टरवर हिरवट थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि सेलला थेट सोल्डरिंगचा डाग देऊ नका. सेल जोडणारी निकेलपट्टी स्पॉट वेल्डिंगनेच (क्षणभर वीज सोडून ठिपक्यांनी) चिकटवा.